दिवाणजींची मुलगी, डाळ मिलचं ऑडिट आणि बायोडेटातली एक ओळ

रोजमेळ
नमस्कार. इथे बरीच वर्षं वाचतेय, लिहितेय पहिल्यांदाच. सीए फायनलचा एक ग्रुप (परीक्षेचे अर्धे पेपर) नोव्हेंबर २०२४ ला निघाला, दुसरा मे २०२५ ला. आता नोकरीसाठी बायोडेटा तयार करतेय आणि एका ओळीवर अडलेय. ओळ समजायला मागचं सांगावं लागेल, म्हणून जरा लांबतंय.

माझे बाबा बार्शीच्या मार्केट यार्डात एका आडत दुकानात, म्हणजे शेतकऱ्यांचा माल विकून देणाऱ्या दुकानात, दिवाणजी आहेत. दुकान मालकाचं, वह्या बाबांच्या. सौदे झाले की मापाडी वजनं सांगतो, बाबा ती उतरवून घेतात आणि त्यावरून शेतकऱ्याची हिशोबपट्टी करतात. वर मालाची रक्कम, त्यातून हमाली, तोलाई आणि आधी उचल घेतली असेल तर तीही वजा, आणि सगळ्यात खाली हातात पडणारे पैसे. दमून आलेला माणूस वरचं काही वाचत नाही, फक्त खालचा आकडा बघतो. म्हणून वरचं सगळं बरोबर असणं ही लिहिणाऱ्याची जबाबदारी, असं बाबा म्हणतात.

दहावीत असताना डबा द्यायला यार्डात जायचे. तो २०१७ चा तुरीचा हंगाम होता. हमीभाव क्विंटलला ५०५० रुपये आणि यार्डात सौदे त्याच्या कितीतरी खाली. सरकारी खरेदी केंद्रांवर बारदाना संपलेला, बाहेर गाड्यांच्या रांगा. ज्यांना थांबणं परवडत नव्हतं ते यार्डात येऊन मिळेल त्या भावाने माल देऊन जायचे. पैसा आज हातात असणं आणि महिन्याने असणं यात किती अंतर आहे, ते मी तिथे पाहिलं. पुढे पुस्तकात चालू मूल्याची सूत्रं आली तेव्हा मला त्या गाड्या आठवल्या.

अकरावी-बारावीला तुरीच्या दिवसांत संध्याकाळी दुकानात बसून मी पट्ट्यांवरून रोजमेळ, म्हणजे दिवसाचा जमाखर्च, लिहायला लागले. शिल्लक जुळल्याशिवाय उठायचं नाही. एकदा दहा रुपयांचा फरक आला. मी म्हटलं, जाऊ दे ना, दहाच तर आहेत. बाबा म्हणाले, "दहाचा फरक म्हणजे दहाचीच चूक असं नसतं. एका बाजूला एकशे दहा चुकले असतील आणि दुसऱ्या बाजूला शंभर." फरकाला नवाने भाग जातो का हे आधी बघायचं, जात असेल तर कुठेतरी ५४ चे ४५ लिहिले गेलेत, हेही त्यांनीच शिकवलं. ते दहावी शिकलेत.

बारावीपर्यंत मराठी माध्यम. रोजकीर्द, खतावणी, तेरीज, घसारा, ताळेबंद. सीएची परीक्षा इंग्रजीत किंवा हिंदीतच देता येते, त्यामुळे जे येत होतं तेच पुन्हा पहिल्यापासून शिकले. नोव्हेंबर २०२० च्या इंटरला (सीएची मधली परीक्षा) पहिला ग्रुप निघाला. दुसऱ्यात चारही पेपरांत चाळीसच्या वर होते, पण बेरीज ४०० पैकी १९६. दोनशे लागतात. चार मार्कांसाठी चारही पेपर पुन्हा दिले आणि ऑक्टोबर २०२१ मध्ये पुण्यात आर्टिकलशिपला, म्हणजे सीएच्या ऑफिसातल्या प्रशिक्षणाला, लागले.

पहिल्या वर्षी स्टायपेंड ५००० रुपये. सदाशिव पेठेत कॉट बेसिसवर ३५००, मेस २८००, अभ्यासिका ७००. बेरीज तुम्हीच करा. उरलेलं घरून यायचं, आणि घरी ते कुठून यायचं हे मला माहीत होतं.

पहिल्याच महिन्यात माझ्याकडून मोठी चूक झाली. व्हाउचिंगला (नोंदी बिलांशी ताडून बघायला) बसवलं होतं, मी भराभर टिका मारत गेले. रक्कम बघितली, तारीख बघितली, पुढचं पान. सिनियरने नंतर चाळलं तर एकच बिल दोन व्हाउचरना लावलेलं होतं, एकाला मूळ प्रत आणि दुसऱ्याला झेरॉक्स. दोन्हीवर माझी टिक. त्या दिवशी फार लाज वाटली. घरी हिशोब लिहिताना मी कधीच एवढी घाई केली नव्हती. इथे मात्र सगळे भराभर करतात म्हणून मीही केली.

आता मुद्दा. सप्टेंबर २०२३, टॅक्स ऑडिटचे (आयकरासाठीच्या हिशोबतपासणीचे) दिवस, ३० तारीख डोक्यावर. मला एका डाळ मिलवर पाठवलं. एका व्यक्तीला एका दिवसात दहा हजारांच्या वर रोखीने पैसे दिले तर तेव्हाच्या आयकर कायद्याच्या कलम ४०ए(३) खाली तो खर्च नामंजूर व्हायचा, म्हणजे करासाठी उत्पन्नातून वजा धरला जात नसे. मिलने तुरीची बरीच खरेदी रोखीने केलेली, आणि आधीच्या टीमने त्या सगळ्या नोंदी सरसकट नामंजूर यादीत टाकलेल्या. पण नियम ६डीडी प्रमाणे शेतमाल पिकवणाऱ्याला थेट पैसे दिले तर सूट होती. व्यापाऱ्याकडून घेतला तर नाही. यादीत दोन्ही मिसळलेले.

मी पट्ट्या मागवल्या. शेतकऱ्याचा माल चार क्विंटल ऐंशी किलो, सात क्विंटल त्रेचाळीस किलो असा येतो. पट्टीवर गावाचं नाव असतं, तोलाई कापलेली असते. व्यापाऱ्याचा माल पन्नास कट्टे, शंभर कट्टे, सरळ वजनाचा. बघता बघता दोन ढीग वेगळे व्हायला लागले. संशय आला तिथे सातबारा मागितला. दोन दिवस गेले, पण यादी बरोबर झाली. व्यापाऱ्यांच्या नोंदी यादीत राहिल्या, शेतकऱ्यांच्या बाहेर आल्या. सरांनी फाइलवर सही करताना विचारलं, हे तुला कसं कळलं? मी सांगितलं, यार्डात वाढलेय.

म्हणून बायोडेटात लिहिलं होतं: "आडत दुकानात हिशोबलेखनाचा अनुभव." एका सिनियर मैत्रिणीने ती ओळ काढायला लावली. तिचं म्हणणं, हे लिहिलं की मुलाखत घेणारे आपल्याला मुनीम समजतात, पगारही तसाच सांगतात. ती माझ्या भल्याचंच बघते. पण ओळ काढल्यापासून चैन नाही. ठेवू की काढू?

भीमातीर
मुली, ठेव.

मी राष्ट्रीयीकृत बँकेत ३४ वर्षं काढली, त्यातली बरीच सोलापूर आणि धाराशिव जिल्ह्यातल्या शाखांत. दर एप्रिलला शाखेचं ऑडिट व्हायचं. बाहेरगावचे ऑडिटर, बरोबर दोन-तीन आर्टिकलची मुलं, आणि वर ४२ अंशांचं ऊन. मुलं हुशार असायची, पण पीककर्जाची खाती त्यांना उलगडायची नाहीत. इतर कर्ज ९० दिवस थकलं की एनपीए, म्हणजे वसुली अडलेलं कर्ज. पीककर्जाला तो नियम नाही. कमी मुदतीचं पीक असेल तर दोन हंगाम, दीर्घ मुदतीचं असेल तर एक. म्हणजे आधी माणसाने काय पेरलंय ते समजलं पाहिजे.

आणि मार्चअखेरचं नवं-जुनं. वेळेत भरलं तर व्याजाची सवलत मिळते, म्हणून शेतकरी कुठून तरी चार दिवसांसाठी पैसे आणतो, जुनं खातं भरतो, नवीन कर्ज उचलतो आणि ज्याचे आणले त्याला देऊन टाकतो. कागदावर वसुली शंभर टक्के. शेतात काय आहे ते खात्यावरून कळत नाही. एका वर्षी एक मुलगा आला होता, उदगीरकडचा. त्याने मला एकच प्रश्न विचारला: "साहेब, या लोकांनी भरलेली रोकड सगळी २८ ते ३० मार्चलाच का आली?" मला त्याला काही शिकवायची गरज पडली नाही. वडील पीककर्ज देणाऱ्या सोसायटीचे गटसचिव होते त्याचे.

असं माणूस मिळणं अवघड असतं. ते लपवू नकोस.

साडेनऊची_लोकल
मी थोडं वेगळं सांगतो, कृपया राग मानू नये.

मी मुंबईत मोठ्या ऑडिट फर्ममध्ये आहे, गेली सहा वर्षं नव्या मुलांच्या मुलाखती घेतो. एका दिवसात तीस-चाळीस बायोडेटा समोर येतात. एका कागदाला मिनिटभरही मिळत नाही. त्यात "आडत दुकानात हिशोबलेखन" ही ओळ वाचून समोरच्याला काहीच बोध होत नाही. तुमची मैत्रीण चुकीची नाही. ओळ नुसती आहे, ती काम करत नाही.

तुम्ही वर जी डाळ मिलची गोष्ट सांगितलीत ना, ती मी मुलाखतीत ऐकली असती तर पुढचे प्रश्न विचारलेच नसते. तीत कायद्याचं कलम आहे, पुरावा आहे, तुमचा स्वतःचा निर्णय आहे. मग ती पहिली लिहा. आडत दुकान त्या गोष्टीला आधार म्हणून येऊ दे. नाहीतर काय होतं, मुलं परिस्थिती सांगतात आणि समोरचा सहानुभूती दाखवतो. सहानुभूतीवर नोकरी मिळत नाही, आणि मिळाली तरी ती चांगली नाही.

एक काळजीची गोष्ट. अशिलाचं नाव तुम्ही इथे दिलं नाहीत, फार बरं केलंत. बायोडेटातही देऊ नका, रकमाही नकोत. अशिलाची माहिती बाहेर सांगणं हे सीए कायद्याच्या दुसऱ्या परिशिष्टात गैरवर्तन म्हणून आहे. "कृषिमाल प्रक्रिया उद्योग" एवढं पुरे.

कोरा_कागद
@साडेनऊची_लोकल, सहानुभूती कोणी मागितली? तिने स्टायपेंड आणि खोलीभाडं लिहिलं ते खरं आहे म्हणून लिहिलं. माझे वडील रिक्षा चालवायचे. आर्टिकलशिपच्या तीन वर्षांत मी ऑफिसात कोणालाच सांगितलं नाही. सगळे घरच्या फर्मबद्दल, काकांच्या प्रॅक्टिसबद्दल बोलायचे, मी गप्प. तीन वर्षं आपलं घर लपवत राहणं म्हणजे काय असतं, हे ज्याने केलंय त्यालाच कळतं. ज्यांच्या घरात आधीच सीए आहे ते ती ओळ खुशाल सांगतात. त्याला कोणी परिस्थिती सांगणं म्हणत नाही.

साडेनऊची_लोकल
@कोरा_कागद, तुमचा मुद्दा मान्य. घरच्या फर्मचं कौतुक आम्ही ऐकून घेतो आणि यार्डाचं ऐकलं की अवघडतो, हे खरंय, आणि ते आमच्या बाजूचं चुकतंय. मी फक्त एवढंच म्हणतोय की वडील काय करतात हे लिहू नये, तिने काय केलं हे लिहावं. दुकानात बसून रोजमेळ तिने लिहिला आहे. ते तिचं काम आहे.

लातूरचा_सीए
ताई, तुमचा धागा मुलांना वाचून दाखवला ऑफिसात.

गेली १८ वर्षं लातूरला प्रॅक्टिस आहे. डाळ मिलचं ऑडिट आमचं रोजचं, म्हणून थोडं त्यावरच लिहितो. गोदामात थप्पी मोजायला नवीन मुलगा पाठवला की तो समोरून लांबी, रुंदी, उंची मोजतो आणि गुणाकार करून येतो. थप्पी आतून पोकळ असू शकते हे त्याला माहीत नसतं. हमालाला वर चढवून मधली दोन-चार पोती काढून बघायची असतात. आणि हमालाशी नीट बोललं तर तो आपणहून सांगतो की ही थप्पी कधी लागली.

दुसरं, उतारा. शंभर किलो तुरीतून साधारण सत्तर ते पंचाहत्तर किलो डाळ निघते, बाकी चुनी, टरफल, घट. मिलच्या वहीत उतारा साठ दिसला तर उरलेली डाळ बिलाशिवाय गेली का, हा प्रश्न विचारायचा. ऐंशी दिसला तर तूर बिलाशिवाय आली का. विजेचं बिलही शेजारी ठेवून बघायचं. हे सगळं मला कुठल्या क्लासमध्ये मिळालं नाही, पहिल्या दोन वर्षांत मिलवाल्यांच्या दिवाणजींकडून मिळालं. त्यातल्या एकांनी मला हातात वही देऊन सांगितलं होतं, "सर, आधी रोकड बघा, मग नफा बघा."

आमच्याकडे अडचण वेगळी आहे. गावातली चांगली मुलं इंटर झाली की पुणे-मुंबई गाठतात. मी समजू शकतो, क्लास तिथे आहेत. पण लहान गावात आर्टिकल केलेल्या मुलाला व्हाउचरपासून आयकर अधिकाऱ्यासमोर बसण्यापर्यंत सगळं हाताखालून जातं. पतसंस्थेचं ऑडिट, ट्रस्टचं ऑडिट, जीएसटीची नोटीस, सगळं एकाच आठवड्यात. मोठ्या फर्ममध्ये वर्षभर एकाच कंपनीची फक्त स्थावर मालमत्ता तपासणारी मुलं मी पाहिलीत.

साडेनऊची_लोकल
तेही खरं, पण मोठ्या लिस्टेड कंपनीचे एकत्रित ताळेबंद, इंड एएस (मोठ्या कंपन्यांसाठीची लेखामानकं), हे लहान फर्ममध्ये बघायला मिळत नाही. ज्याला पुढे कॉर्पोरेटमध्ये जायचंय त्याने ते पाहिलेलं बरं. दोन्हीत काहीतरी सुटतं.

अश्विनी_क
विषयाला थोडं सोडून आहे, माफ करा. मुलगा बारावी वाणिज्यला आहे, सेमी-इंग्लिश. सीए करायचं म्हणतोय. घरात कोणी या क्षेत्रात नाही. तीन वर्षांची आर्टिकलशिप, कमी स्टायपेंड, आणि परीक्षा पास होईल की नाही याचा भरवसा नाही. एमबीए करावं का, असं त्याचे बाबा म्हणतात. रोजमेळ, तू काय सांगशील?

रोजमेळ
अश्विनीताई, आता प्रशिक्षण दोन वर्षांचं झालंय, १ जुलै २०२३ पासून. आमची बॅच शेवटच्या तीन वर्षंवाल्यांपैकी. फाउंडेशन (सीएची पहिली परीक्षा) आणि इंटर आता वर्षातून तीनदा होतात, त्यामुळे नापास झालं तर सहा महिने वाट बघावी लागत नाही. ते मला फार जड गेलं होतं.

एमबीएबद्दल मला अधिकाराने बोलता येणार नाही, पण फीचा फरक मोठा आहे आणि आमच्या घरी सीएचाच खर्च झेपणार होता. मुलाला एक काम सांगा. सुट्टीत महिनाभर कुठल्याही दुकानात, पतसंस्थेत, जवळच्या सीएच्या ऑफिसात बसू दे. बिनपगारी चालेल. टॅली शिकण्यापेक्षा ते जास्त कामाचं आहे. पैसे येतात कसे, जातात कसे, आणि कागद कुठे हरवतो, हे बघून त्याला कंटाळा आला तर तेव्हाच कळलेलं बरं.

बाकी सगळ्यांना उत्तर रात्री देते. भीमातीर काका, तुमचं २८ ते ३० मार्च वाचून मला एका पतसंस्थेचं ऑडिट आठवलं. तिथेही तसंच होतं, फक्त दुसऱ्या बाजूने. त्याच तीन दिवसांत तारण न घेता छोटी छोटी कर्जं दिलेली आणि ३ एप्रिलच्या आत सगळी परत आलेली. तेव्हा मला कळलं नव्हतं ते पैसे कुठे जात होते. आज कळलं.

भीमातीर
बरोबर ओळखलंस. आमच्याकडे भरायलाच येत होते ते.

तेरीज_मॅडम
मी कनिष्ठ महाविद्यालयात २६ वर्षं पुस्तपालन शिकवते, मराठी आणि इंग्रजी दोन्ही माध्यमांना. रोजमेळ, तुझा 'पुन्हा पहिल्यापासून शिकले' हा भाग वाचून थांबले.

दरवर्षी मराठी माध्यमाची दोन-चार मुलं सीएला जातात आणि पहिल्या वर्षात त्यांतली बहुतेक परत येतात. त्यांना विषय येत नाही म्हणून नाही. 'घसारा' म्हटलं की वस्तू घासून झिजलेली त्यांना डोळ्यांसमोर दिसते, 'डेप्रिसिएशन' म्हटलं की स्पेलिंग दिसतं. 'नावे' म्हणजे कोणाच्या तरी नावावर टाकलं, हे त्यांना आजोबांपासून माहीत असतं. 'डेबिट' शिकवताना इंग्रजी माध्यमाच्या मुलांना मी तोच शब्द वापरून समजावते आणि त्यांनाही पटकन कळतं. आता बारावीच्या शेवटच्या दोन महिन्यांत सीएला जाणाऱ्या मुलांकडून मी रोज एक गणित दोन्ही भाषांत सोडवून घेते. या वर्षी तिघांनी फाउंडेशन काढली. तुला जमलं तर एकदा ऑनलाइन बोलशील का त्यांच्याशी?

रोजमेळ
मॅडम, नक्की बोलेन. रविवारी सकाळी कधीही. आणि तुमचा नावे-जमाचा मुद्दा मी वापरणार आहे.

सगळ्यांचं वाचून काल रात्री बायोडेटा पुन्हा लिहिला. साडेनऊची_लोकल, तुमचं ऐकलं: डाळ मिलचं काम पहिल्या क्रमांकावर गेलं, नाव आणि रकमा न देता. कोरा_कागद, तुमचंही ऐकलं. यार्डाची ओळ परत आली आहे, पण आता अशी: "२०१७ ते २०१९, तुरीच्या हंगामात मार्केट यार्डातील आडत दुकानात रोजमेळ व खतावणी लेखन, रोज सुमारे ४० हिशोबपट्ट्या, त्याच दिवशी शिल्लक जुळवून." मैत्रिणीला दाखवली. तिने दोनदा वाचली आणि म्हणाली, हे वेगळं दिसतंय, राहू दे.

मग फोनवर बाबांना वाचून दाखवली. ते म्हणाले, चाळीस कशावरून लिहिलेस? मी म्हटलं, अंदाजाने. म्हणाले, अंदाजाने कसं लिहितेस. फोन चालू ठेवून त्यांनी माळ्यावरून जुनी वही काढली, १२ फेब्रुवारी २०१८ चं पान उघडलं, माझं अक्षर आहे म्हणाले, आणि एकेक पट्टी मोठ्याने मोजली. त्र्याहत्तर निघाल्या. आज संध्याकाळी दुकानातून आल्यावर आणखी काही दिवसांची पानं मोजून सांगणार आहेत, तोवर तो आकडा मी कोरा ठेवलाय.